सुकाणूवरची जागा

आम्हां भिंगारच्या मुलांना होडी ठाऊक होती ती कागदाची. पावसाळ्यात गल्लीतून पाण्याचा लोट वाहू लागला, की वहीचे पान फाडून तिची होडी करावयाची आणि ती कोठे तरी अडकून भिजून बुडेपर्यंत तिच्यामागे धावावयाचे, एवढाच आमचा नौकानयनाचा अनुभव. भिंगार हे नगर शहराला लागून, लष्कराच्या छावणीशेजारी वसलेले गाव. सारा मुलूख पर्जन्यछायेतला. रणगाड्यांची धडधड आमच्या कानांना रोजचीच होती. पण वल्हे पाण्यात पडले म्हणजे कसा आवाज होतो, हे सांगू शकणारा माणूस आमच्या आळीत एकही नव्हता.

तरी मला होडीचे वेड लागले ते तेथेच. आमच्याकडून सोलापूर रस्त्याच्या बाजूस चालत गेले, की फरहाबागेचा महाल लागतो. निजामशाहीच्या काळात, मुर्तझा निजामशहाच्या कारकिर्दीत, 1583 साली हा अष्टकोनी महाल पुरा झाला. एके काळी त्याच्या चारी बाजूंनी तलावाचे पाणी होते. आम्ही पाहिला तेव्हा तलाव कोरडा होता. त्याच्या तळाशी गवत आणि बाभळी माजल्या होत्या. सुटीच्या दिवशी आम्ही पाच-सहा मुले त्या कोरड्या तळात एकामागे एक बसत असू आणि हातांत काठ्या घेऊन वल्हवीत असू. मी नेहमी सर्वांत मागे बसून ओरडत असे. पुढे माझ्या वाट्याला नेमके हेच काम येणार आहे, हे मला तेव्हा कोठून कळणार?

1971 साली मी पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात दाखल झालो. हे महाविद्यालय 1854 सालचे. मुळा आणि मुठा यांच्या संगमाजवळचे. बंडगार्डनच्या जुन्या बंधाऱ्याने खाली पाणी अडवलेले असल्यामुळे संगमाच्या आसपास नदीचे पात्र भरलेले राही. तेथे महाविद्यालयाचा बोट क्लब आहे. तो 1928 साली सुरू झाला. पुण्यात नौकानयनाची परंपरा याहूनही जुनी आहे. रॉयल कनॉट बोट क्लब तर 1868 सालचा. पण आमच्या क्लबाचे वैशिष्ट्य असे, की त्याचा बहुतेक कारभार विद्यार्थीच पाहत.

पहिल्या दिवशी मी मोठ्या ऐटीत नौकागृहात गेलो आणि होडीत बसायला मिळेल या आशेने उभा राहिलो. एका वरच्या वर्गातील विद्यार्थ्याने मला विचारले, "पोहता येते का रे?"

मी मान खाली घातली. भिंगारला पोहायचे कोठे?

"मग आधी पोहायला शीक. तोवर ही वल्ही पुसून ठेव."

चार महिने मी वल्ही पुसली. पोहण्याच्या तलावात नाकातोंडात पाणी जाऊन कासावीस झालो आणि अनेकदा सारे सोडून द्यावे असे मनात आले. कोरड्या गावच्या माणसाला पाण्याचे भय वाटते, यात लाजण्यासारखे काही नाही, हे मला फार उशिरा समजले. चांदवड तालुक्यातील तळेगाव रोही या गावचे दत्तू भोकनळ यांची हकीकत तुम्ही ऐकली असेल. वडिलांबरोबर विहिरी खोदण्याचे काम करणारा हा तरुण सैन्यात गेला. नौकेत प्रथम बसताना त्यालाही पाण्याची भीती वाटे. तोच तरुण 2016 साली रिओच्या ऑलिंपिकमध्ये एकट्याने नौका वल्हवून तेरावा आला आणि 2018 साली इंडोनेशियातील आशियाई स्पर्धांत चौघांच्या नौकेत बसून त्याने सुवर्णपदक मिळवले. ही गोष्ट माझ्या लहानपणी घडली असती, तर मी ती वल्ही जरा आनंदाने पुसली असती!

नौकागृहातील कामे पुष्कळ होती. नौका खांद्यांवर तोलून पाण्यापर्यंत न्यावयाची, परत आल्यावर उपडी करून पुसावयाची, लाकडाला वॉर्निश द्यावयाचे, वल्ह्यांच्या कड्यांना वंगण लावावयाचे, नोंदवही लिहावयाची. ह्या कामांचे कोणाला पैसे मिळत नसत आणि परीक्षेत गुणही मिळत नसत. क्लबाचा प्रमुख आमच्यापेक्षा दोनच वर्षांनी मोठा होता. पण पहाटे कुलूप तोच उघडी आणि संध्याकाळी सर्व नौका आत आल्या की नाहीत हे मोजून तोच लावी. तो कोणाला फारसे हुकूम सोडीत नसे. एखादी नौका उचलायची वेळ आली, की तो मुकाट्याने जाऊन तिच्या जड टोकाशी उभा राही. मग बाकीचे आपोआप येत. आजही या क्लबाचा वार्षिक नौकोत्सव, म्हणजे रिगाटा, विद्यार्थीच घडवून आणतात. सपाट तळाच्या पंट नावाच्या नावांच्या रचना आणि कयाकांचे पाण्यावरचे नर्तन पाहायला नदीकाठी गर्दी लोटते. मात्र जलपर्णीने आणि सांडपाण्याने नदीचे जे झाले आहे, ते पाहून आमच्या वेळच्या माणसाला वाईट वाटल्यावाचून राहत नाही.

मला पोहता येऊ लागले तेव्हा आणखी एक अडचण निघाली. मी अंगाने अगदी किरकोळ होतो. वल्हेकऱ्याला लागणारे खांदे माझ्याजवळ नव्हते. पण चौघांच्या नौकेत एक पाचवा माणूस लागतो आणि तो हलकाच असावा लागतो. तो वल्हे मारीत नाही. तो नौकेच्या मागच्या टोकाला बसून सुकाणूच्या दोऱ्या हाती धरतो, वल्ह्यांचा ताल पुकारतो आणि वाट पाहतो. वल्हेकरी ज्या दिशेला जात असतात तिच्याकडे त्यांची पाठ असते. त्यांना दिसते ती फक्त मागे पडलेली नदी. पुढे काय आहे हे पाचांपैकी एकट्यालाच दिसते. आपण संघाच्या नायकाला 'कर्णधार' म्हणतो ना? त्या शब्दातील 'कर्ण' म्हणजे सुकाणू. हा शब्द मुळात नौकेतलाच आहे. क्रिकेटच्या मैदानावर तो मागाहून गेला.

असा मी कर्णधार झालो. माझ्या नौकेतील चौघांपैकी एक कोकणातला, एक सांगलीकडचा, एक नागपूरचा आणि एक पुण्याचा होता. चौघेही माझ्यापेक्षा उंच आणि धिप्पाड. पण मी "थांबा" म्हटले की थांबत आणि "ओढा" म्हटले की ओढीत. खरे सांगायचे तर ह्या गोष्टीची मला थोडी धुंदी चढली होती.

1972 चा पावसाळा कोरडाच गेला. दसऱ्याच्या सुमारास नदीचे पाणी नेहमीपेक्षा उतरले होते आणि एरवी बुडालेले खडक वर येऊ लागले होते. एका संध्याकाळी आम्ही सरावाला निघालो. पुलावर बरीच माणसे उभी होती. आमची नौका वेगाने येताना पाहून काही जणांनी टाळ्या वाजवल्या. मी वर पाहिले. आणखी टाळ्या पडल्या. मी आणखी जोराने ताल पुकारला आणि पुन्हा वर पाहिले. इतक्यात नौकेच्या पोटाखाली खर्रकन आवाज झाला, एक धक्का बसला आणि माझ्या पायांशी पाणी येऊ लागले.

सुदैवाने कोणाला इजा झाली नाही. आम्ही पाण्यात उतरून नौका काठाला लावली. तळाची एक फळी हातभर चिरली होती.

"काय झाले रे?" कोकणातल्या मित्राने विचारले.

"खडक होता पाण्याखाली. दिसला नाही," मी म्हणालो.

चौघांनीही ते खरे मानले. न मानून करतात काय? त्यांची तर पाठ होती. नोंदवहीत 'नुकसान' या रकान्यापुढे मी तेच वाक्य लिहिले आणि खाली सही केली.

खोलीवर आलो तो वडिलांचे पत्र येऊन पडले होते. 'चिरंजीवास अनेक आशीर्वाद. आळीतला आड आटला. तुझी आई पहाटे उठून छावणीच्या बाजूने दोन हंडे आणते. तू काळजी करू नये, अभ्यास करावा.' घरच्या काळजीने माझे लक्ष उडाले होते, असे आता सहज सांगता आले असते. पण पत्र मी नंतर वाचले होते. त्या रात्री मला झोप लागली नाही. राहून राहून डोळ्यांपुढे येत होत्या त्या चौघांच्या पाठी.

सकाळी मी नौकागृहात गेलो आणि चौघांच्या देखत प्रमुखाला सारे सांगितले. कोणी काही बोलेना. मग कोकणातला मित्र हळूच म्हणाला, "आमच्याकडे तांडेल एकदा खोटे बोलला, की दुसऱ्या दिवशी त्याच्या होडीत पाय ठेवायला माणूस मिळत नाही."

मी नोंदवही पुढे ओढली आणि कालची ओळ खोडू लागलो. प्रमुखाने माझा हात धरला. "ती तशीच राहू दे. खालच्या ओळीत खरे काय ते लिही."

मी लिहिले, 'खडक दिसत होता. मी पाहत नव्हतो.' ती दोन वाक्ये लिहिताना माझे हात कापत होते.

पुढचे दहा-बारा दिवस मी नौकागृहातील म्हाताऱ्या सुतारमामांच्या हाताखाली काम केले. चिरलेली फळी काढणे, नवी तासून बसवणे, काचकागदाने घासणे, वॉर्निशचे हात देणे, यांत संध्याकाळ सरत असे. तिसऱ्या दिवशी नागपूरचा मित्र काही न बोलता शेजारी येऊन घासू लागला. चौथ्या दिवशी सांगलीचा आला. कोकणातला सर्वांत शेवटी आला, पण आला. काम करता करता घरच्या आडाची गोष्ट माझ्या तोंडून निघून गेली. नौका पुन्हा पाण्यात उतरली त्याच दिवशी चौघांनी परस्परच ठरवून टाकले, की दिवाळीच्या सुटीतले पहिले चार दिवस भिंगारला जावयाचे.

त्या दुष्काळाची कल्पना आज करवणार नाही. जिल्हाभर दुष्काळी कामे निघाली होती. शेतकऱ्यांची बायकामुले रस्त्याकडेला खडी फोडीत होती. कामावर सुकडी वाटली जाई आणि परदेशातून आलेल्या मिलो नावाच्या तांबड्या ज्वारीच्या भाकरी घरोघर होत. आईने त्याच भाकरी माझ्या मित्रांच्या पानांत वाढल्या, तेव्हा तिला फार संकोच वाटला. "काकू, आणखी एक वाढा," असे सांगलीच्या मित्राने म्हटले, तेव्हा कोठे तिच्या चेहऱ्यावर हसू आले.

आमच्या आळीतला आड सात पुरुष खोल होता. तळाशी वर्षानुवर्षांचा गाळ साचलेला. एका वृद्ध गृहस्थांनी आधी पेटता कंदील दोराने खाली सोडायला लावला. तळाशी हवा वाईट असेल तर कंदील विझतो. मग माणसाने उतरावयाचे नाही. कंदील जळत राहिला. कोकणातला आणि नागपूरचा असे दोघे कासऱ्याला धरून खाली उतरले. सांगलीचा, पुण्याचा आणि आळीतली दोन मुले दोर ओढायला राहिली.

"आणि मी?" मी विचारले.

खालून कोकणातल्या मित्राचा आवाज घुमला, "तू काठावर राहा आणि ताल सांग. आम्हांला इथून काही दिसत नाही."

मी काठावर ओणवा झालो. "ओढा... ओढा... थांबा... रिकामी करा." गाळाने भरलेली पाटी वर येई आणि रिकामी खाली जाई. दिवसभरात मी एकदाही मान वर केली नाही. आळीतील बायका पाहायला जमल्या होत्या, कोणी काही बोलत होते, कोणी मला हाका मारीत होते. माझे डोळे दोरावर होते. दुसऱ्या दिवशी दुपारी भरलेली पाटी अर्ध्यावर आली असताना चाकाजवळ दोराचा एक पेड उसवलेला मला दिसला.

"थांबा! खालचे, भिंतीला लागा!"

का, म्हणून कोणी विचारले नाही. वरचे चौघे जागच्या जागी थांबले आणि खालचे दोघे भिंतीला चिकटले. मग आम्ही पाटी वीत-वीत सोडीत पुन्हा तळाशी नेली. दोर ओढून पाहिला, तेव्हा त्याचे एक-दोन पेडच धड राहिले होते. त्याच्या खाली माझ्या मित्रांची डोकी होती. मला घाम फुटला. वडिलांनी शेजाऱ्यांकडून नवा दोर आणला आणि काम पुढे चालू झाले.

चौथ्या दिवशी सकाळी तळाच्या खडकातून पाझर दिसू लागला. फार नव्हे, रात्रभर साचले, तर आळीतल्या प्रत्येक घराला दोन हंडे मिळतील एवढाच. पण त्या दिवसापासून आईची पहाटेची पायपीट थांबली.

परत जाण्याच्या आदल्या संध्याकाळी मी मित्रांना फरहाबाग दाखवायला नेले. उन्हे उतरली होती. कोरड्या तलावाच्या मधोमध तो जुना महाल उभा होता. माझ्या लहानपणच्या होडीची गोष्ट ऐकून चौघे खूप हसले. मग कोकणातल्या मित्राने बाभळीच्या चार वाळक्या फांद्या मोडून आणल्या आणि ते चौघे मोठ्या गंभीरपणे एकामागे एक मातीत बसले. महालाकडे चौघांची पाठ होती. सर्वांत मागची जागा त्यांनी माझ्यासाठी मोकळी ठेवली होती.

"चल," तो म्हणाला, "खडक असला तर सांग."

गुरे घेऊन घराकडे निघालेली दोन पोरे काठावर थबकून आमच्याकडे पाहू लागली. मी मागे जाऊन बसलो, समोर नीट पाहिले आणि ताल पुकारला.