आधी पाहावे, मग कात्री घ्यावी

गोधडी शिवणाऱ्या आपल्या आजी-पणज्यांना ‘कोलाज’ हा शब्द ठाऊक नव्हता. तरी गोधडीतला कोणता तुकडा कुणाच्या लुगड्याचा, हे घरात सर्वांना माहीत असे. कोलाज म्हणजे चिकटचित्र. तेही असेच: तुकडा नव्या जागी बसतो आणि जुनी ओळख सोडत नाही.

चिकटवणे या अर्थाच्या फ्रेंच शब्दावरून हे नाव आले. १९१२ साली पिकासोने वेताच्या खुर्चीची वीण छापलेले मेणकापड आपल्या चित्रात चिकटवले व कडेने खराखुरा दोर लावला. पहिल्या महायुद्धानंतर जर्मनीत हानोव्हर येथे कुर्ट श्विटर्स ट्रामची तिकिटे, वेष्टने, छापील कपटे जमवून चित्रे करू लागला. नाझी राजवटीमुळे तो १९३७ साली नॉर्वेला व १९४० साली इंग्लंडला गेला. परक्या देशांतही तेथला हाती लागेल तो कागद तो चिकटवीत राहिला.

अशा धर्तीच्या कलाकृतींचा मोठा संग्रह आर्तुरो श्वार्त्स यांनी १९९८ साली जेरुसलेमच्या इस्राएल म्युझियमला दिला. तेथे मुलांसाठी १९६६ सालापासून स्वतंत्र विभागही आहे. मी माझ्या दोन नातवंडांना तेथे घेऊन गेले. जुन्या छापील कागदांच्या एका चित्रापुढे सात वर्षांचा नातू हिब्रूत म्हणाला, “सावता, हा तर कचरा आहे!”

त्याला मी गप्प केले नाही. रुग्णालयात नव्या परिचारिकेला आम्ही सांगत असू की आधी रोग्याकडे नीट पाहा, रोगाचे नाव नंतर घ्या. तीच रीत मी येथे लावली. चित्राचा अर्थ विचारलाच नाही. तीनच प्रश्न विचारले: कोणते तुकडे ओळखू येतात? येथे येण्यापूर्वी ते कुठे असतील? शेजारच्या तुकड्यामुळे त्यांच्यात काय बदलले? थोड्या वेळाने तोच म्हणाला, “या तिकिटावर कुणीतरी खरोखर कुठे तरी गेले होते.” दहा वर्षांची नात म्हणाली, “पण कुठे, ते आता कोण सांगणार?”

घरी आल्यावर मी त्यांना सिओना बेंजामिन यांच्या चित्रांचे फोटो दाखवले. या आपल्याच बेने इस्राएल समाजातील, मुंबईत वाढलेल्या व अमेरिकेत स्थायिक झालेल्या चित्रकर्ती. भारतीय यहुद्यांची छायाचित्रे घेऊन त्यांनी त्यांना रंगकामाची जोड दिली. त्यातील साड्या व चेहरे पाहून नातीने माझी पत्र्याची ट्रंक उघडायला लावली. आत लग्नपत्रिका, विमानाचे तिकीट आणि अलिबागहून आलेली आईची पत्रे होती. तिला ती कापायला हवी होती.

वाचक भगिनी-बंधूंनो, त्या क्षणी माझा हात ट्रंकेच्या झाकणावर गेला, हे खरे. मग विचार आला की माझ्यामागे ही मराठी पत्रे कोण वाचणार? आम्ही पत्रांच्या छायाप्रती काढल्या व त्या कापल्या. मूळ कागद ट्रंकेत परत ठेवले. परमेश्वराचे नाव असलेल्या पानांना मात्र कात्री लावायची नाही. ती जीर्ण झाली तरी गेनिझातच जावीत.

प्रत्येक तुकडा चिकटवण्यापूर्वी नात विचारी, “येथे काय लिहिले आहे?” मी वाची व हिब्रूत सांगे. आईने १९७९ साली लिहिले होते की पावसामुळे खोबरे वाळत नाही, आणि तुला तिकडे कोकम मिळतात का? आजवर मुलांनी जेवढी पत्रे ऐकली नव्हती, तेवढी त्या एका संध्याकाळी ऐकली. ‘कोकम’ हा शब्द नातीने चित्राच्या मधोमध लावला आणि त्याखाली हिब्रूत त्याचा उच्चार लिहिला.

येत्या सुट्टीत आपणही मुलांना संग्रहालयात न्यावे. चित्रकारांची नावे ती विसरली तरी चालेल. घरी परतल्यावर ट्रंक मात्र अवश्य उघडावी. पत्रे वाचून दाखवणारे आपण अजून आहोत, तोवरच हे काम होण्यासारखे आहे.