पाडवा ते पौर्णिमा : चैत्रातले चंद्र आणि ग्रह

चैत्र शुद्ध प्रतिपदा



सूर्य, चंद्र आणि नुसत्या डोळ्यांना दिसणारे पाच ग्रह आकाशाच्या एका अरुंद पट्ट्यातूनच फिरतात. सूर्याच्या वार्षिक मार्गाला क्रांतिवृत्त म्हणतात. चंद्राची कक्षा त्याच्याशी सुमारे ५ अंशांचा कोन करते आणि ग्रहही या मार्गाच्या आसपासच राहतात. त्यामुळे जो पंधरा दिवस चंद्रावर नजर ठेवतो, त्याला ग्रहांची वाटही ठाऊक होते. त्यासाठी ना यंत्र लागते, ना गणित. वर्षातला सर्वांत सोयीचा काळ मात्र चैत्राचा शुक्लपक्ष.

ही सोय कोनामुळे झाली आहे. मार्चमधल्या विषुवदिनाच्या सुमारास मुंबई-पुण्याच्या अक्षांशावर सूर्यास्ताच्या वेळी क्रांतिवृत्त पश्चिम क्षितिजावर जवळजवळ ताठ उभे असते. सप्टेंबरमध्ये तेच जेमतेम ४८ अंशांवर कललेले असते. वाट उभी असली, की सूर्याजवळचे ग्रह तो मावळल्यावर क्षितिजाच्या बऱ्यापैकी वर राहतात. बुध सूर्यापासून २८ अंशांपलीकडे कधीच जात नाही. म्हणून संध्याकाळचा बुध शोधायला फेब्रुवारी ते एप्रिल हे महिने उत्तम. तो दिसतो तेव्हाही जेमतेम दोन आठवडे, सूर्यास्तानंतर पाऊण तासाच्या सुमारास आणि पश्चिम क्षितिज मोकळे असेल तरच. शुक्र सूर्यापासून ४७ अंशांपर्यंत दूर जातो. त्यामुळे अनुकूल वर्षी तो अंधार पडल्यावरही दोन-तीन तास पश्चिमेला तळपत राहतो.

चैत्रातल्या चंद्रकोरीचा आकारही याच कोनाने ठरतो. कोरीची उजळ कड नेहमी सूर्याकडे असते. या दिवसांत सूर्य तिच्या थेट खाली मावळतो, म्हणून बीजेची कोर दोन्ही टोके वर करून होडीसारखी आडवी दिसते. कोरीच्या आतला काळा भागही मंद राखाडी दिसतो. पृथ्वीवर पडलेला सूर्यप्रकाश परावर्तित होऊन चंद्रावर जातो आणि तिथून परत डोळ्यांपर्यंत येतो. हे कारण लिओनार्दो दा विंचीने सोळाव्या शतकाच्या आरंभी आपल्या टिपणांत मांडले होते.

पंचांगातली तिथी हे चंद्र-सूर्यांमधल्या अंतराचेच माप आहे. हे अंतर १२ अंशांनी वाढले, की एक तिथी संपते. तृतीया संपताना ते ३६ अंश, अष्टमी संपताना ९६ आणि पौर्णिमेच्या अखेरीस १८० अंश असते. ताऱ्यांमधून चंद्र रोज सरासरी १३ अंश पूर्वेकडे सरकतो आणि म्हणूनच रोज साधारण ५० मिनिटे उशिरा उगवतो. आकाशाचे २७ नक्षत्रांत केलेले विभाजनही या रोजच्या मजलेवरच बेतलेले आहे.

चैत्रात या मजला ओळखीच्या ताऱ्यांजवळून जातात. पंचमीच्या आसपास चंद्र तांबूस रोहिणीजवळ असतो आणि मग मृगाच्या डोक्यावरून पुढे जातो. रामनवमीच्या सुमारास तो पुनर्वसूच्या जोडताऱ्यांपाशी, एकादशीच्या आसपास सिंह राशीतल्या मघेजवळ आणि पौर्णिमेला चित्रेच्या परिसरात येतो. वर्षागणिक यात एक-दोन दिवसांचा फरक पडतो. सप्तर्षींच्या शेपटीचा बाक तसाच पुढे नेला, की आधी नारिंगी स्वाती आणि मग पांढरी चित्रा सापडते. रोहिणी, मघा, चित्रा आणि ज्येष्ठा हे चारही ठळक तारे क्रांतिवृत्ताला इतके जवळ आहेत, की चंद्र कधीकधी त्यांना पूर्ण झाकतो. याला पिधान म्हणतात.

ग्रहांचेही पिधान होते. २०२३ मध्ये पाडवा २२ मार्चला होता. २४ मार्चला, तृतीयेच्या दिवशी, चंद्राने शुक्राला झाकले. दक्षिण भारतातल्या काही भागांतून हे पिधान दिसले. महाराष्ट्रातून संध्याकाळी शुक्र कोरीला अगदी बिलगून दिसला आणि असंख्य लोकांनी गच्चीवर जाऊन तो पाहिला. प्रत्यक्षात शुक्र तेव्हा चंद्राच्या चारशेहून अधिक पट दूर होता. दोघे फक्त एका रेषेत आले होते.

चंद्राचा पृष्ठभाग पाहायला पौर्णिमा सर्वांत गैरसोयीची. त्या रात्री सूर्यप्रकाश समोरून पडतो, सावल्या नाहीशा होतात आणि उंचसखलपणा कळत नाही. तेव्हा पाहावेत ते टायको या सुमारे ८५ किलोमीटर व्यासाच्या विवरापासून दूरवर पसरलेले पांढरे पट्टे. डोंगर आणि विवरे पाहायची, तर अष्टमी ते दशमी या रात्री हव्यात आणि नजर हवी उजेड-अंधाराच्या सीमारेषेवर. तिथे सूर्य नुकताच उगवत असतो आणि सावल्या लांबच लांब पडतात. गॅलिलिओने १६१० साली चंद्रावरच्या डोंगरांची उंची मोजली, ती या रेषेपलीकडे अंधारात चमकणाऱ्या शिखरांवरून. चैत्रातल्या अष्टमीचा चंद्र सूर्यास्ताला जवळजवळ डोक्यावर असतो. तिथे हवेचा थर सर्वांत पातळ लागतो, म्हणून साध्या दुर्बिणीतूनही चित्र स्थिर येते.

चंद्राच्या या वाटेवर ताऱ्यांच्या नकाशात नसलेला ठळक, न लुकलुकणारा ठिपका दिसला, तर तो बहुधा ग्रह. तारा बिंदूइतका बारीक असल्याने हवेच्या हालचालीने त्याचा प्रकाश हलतो. ग्रहाला लहानशी का होईना तबकडी असते, म्हणून तो स्थिर दिसतो. मंगळ तांबूस, शनी फिकट पिवळसर, तर गुरू पांढरट आणि ठसठशीत. मंगळ सुमारे २६ महिन्यांनी एकदा पृथ्वीजवळ येऊन खूप उजळतो. गुरूला राशिचक्र ओलांडायला सुमारे १२ वर्षे लागतात, म्हणजे एका राशीत साधारण एक वर्ष. नाशिक-त्र्यंबकेश्वरचा सिंहस्थ तो सिंह राशीत आला की भरतो. शनीला तीच फेरी पुरी करायला साडेएकोणतीस वर्षे लागतात. गुरूचे चार मोठे चंद्र हात टेकवून धरलेल्या चांगल्या द्विनेत्रीतून दिसतात. शनीच्या कड्यांसाठी मात्र छोटी का होईना दुर्बीण हवी.

पौर्णिमेनंतर चंद्र उशिरा उगवू लागतो आणि संध्याकाळचे आकाश ताऱ्यांसाठी मोकळे होते. पहाटे मात्र याच ऋतूत क्रांतिवृत्त पूर्व क्षितिजाकडे बरेच कललेले असते. त्यामुळे वद्य पक्षातली शेवटची कोर आणि सूर्याजवळचे पहाटेचे ग्रह खालीच राहतात.

चंद्र २७.३ दिवसांत पुन्हा त्याच ताऱ्यापाशी येतो, पण सूर्य तोवर पुढे सरकलेला असल्याने पुढची पौर्णिमा २९.५ दिवसांनी येते. म्हणून चैत्री पौर्णिमा चित्रेजवळ, तर वैशाखी पौर्णिमा विशाखेजवळ होते. निरीक्षणाची वहीही यावरच बेतावी: तारीख, वेळ, तिथी, चंद्राजवळचा तारा आणि त्या वाटेवरचे ग्रह. वैशाखात तीच नोंद पुन्हा केली, की कोणता ग्रह किती सरकला, हे आपल्याच वहीतून मोजता येते.