शिंगाड्याच्या पानाखालचा लिंपेट

लिंपेट म्हणजे समुद्रातला प्राणी, अशी माझी पक्की समजूत होती. कोकणात खडकाला चिकटलेले ते शंकूच्या आकाराचे शंख मी पाहिले होते. पुढे नॉर्वेच्या रोस्ट बेटांजवळच्या प्रवाळभित्तीबद्दल वाचलं. 2002 साली सापडलेली ही भित्ती 300 ते 400 मीटर खोल, थंडगार अंधारात आहे. उत्तर अटलांटिकमधल्या अशा प्रवाळांवर आयोथिया फुल्वा नावाचा नारिंगी, काही मिलिमीटरचा लिंपेट राहतो. म्युलरने 1776 सालीच त्याचं बारसं करून ठेवलंय. आमच्या यवतमाळला ना समुद्र, ना थंड पाणी. त्यामुळे गावतळ्यातल्या शिंगाड्याच्या पानाखाली तशीच शंकूच्या आकाराची, अर्धपारदर्शक कवचं दिसली, तेव्हा मी चक्रावलोच. शिंगाडे काढणारा भोईदादा म्हणाला, "गोचीड होय काकाजी, फेका ते!"

गोचीड नव्हतं. चहाच्या बशीत पाणी घेऊन त्याला ठेवलं आणि भिंगातून बघत बसलो. बऱ्याच वेळाने कवचाखालून दोन शिंगं बाहेर आली, त्यांच्या बुडाशी काळे ठिपके, म्हणजे डोळे. गोगलगायीचाच भाऊबंद.

पण कोणता? एन. व्ही. सुब्बा राव यांचं भारतातल्या गोड्या पाण्यातल्या मृदुकाय प्राण्यांवरचं पुस्तक (भारतीय प्राणी सर्वेक्षण, 1989) कॉलेजातल्या प्राणिशास्त्राच्या सरांनी आणून दिलं. त्यातून कळलं की हा खरा लिंपेट नाहीच! समुद्रातले खरे लिंपेट वेगळ्या कुळातले, कल्ल्यांनी श्वास घेणारे. आमचा हा फेरिसिया. तळ्यात जे चपट्या गुंडाळीचे शंख सापडतात, त्यांच्या कुटुंबातला. वाहत्या किंवा हलत्या पाण्यात पृष्ठभागाला घट्ट चिकटून राहायचं तर वेटोळं अडचणीचं ठरतं, म्हणून हा आकार गोगलगायींच्या कितीतरी घराण्यांत स्वतंत्रपणे आला आहे. म्हणजे आकारावरून नातं सांगायला गेलो की फसलोच.

मग ओळखायचं कशावरून? सर म्हणाले, "टोक बघा." फेरिसियाचं टोक मधोमध नसतं, मागच्या बाजूला, उजवीकडे झुकलेलं असतं. त्यावर अतिशय बारीक अरीय रेघा असतात. आता उजवं कोणतं हे ठरवायला आधी पुढचं-मागचं कळायला हवं, आणि रिकाम्या कवचाला डोकं नसतं! म्हणून जिवंत प्राणी हवा. रेघा तर साध्या भिंगातून दिसतही नाहीत. कॉलेजच्या सूक्ष्मदर्शकाखाली उजेड तिरपा पाडला तेव्हा कुठे दिसल्या.

खरा गोंधळ पुढेच आहे. तळं आटायला लागलं की फेरिसियाच्या काही जाती कवचाच्या तोंडावर आतून एक पडदी बांधतात, तोंड अर्धंअधिक बंद करतात आणि कोरडे दिवस काढतात. पडदीवाली कवचं इतकी निराळी दिसतात की जुन्या अभ्यासकांनी त्यांना निराळ्या प्रजातीत घातलं होतं. उन्हाळ्यात जिथे तळ्याचं मैदान होतं, त्या आमच्या जिल्ह्यात हे बघायला मिळावं यात मला तरी नवल वाटलं नाही. त्यात युरोपातली गोष्ट आहेच: तिथे स्थानिक समजले गेलेले फेरिसिया डीएनए तपासल्यावर उत्तर अमेरिकेतून आलेले निघाले, असं 2006 साली प्रसिद्ध झालं. शोभेच्या टाक्यांतल्या पाणवनस्पतींवरून असले पाहुणे सहज प्रवास करतात. आपल्याकडे फेरिसिया टेन्युइस आणि फेरिसिया व्हेरुका अशी नावं पुस्तकांत आहेत, पण केवळ कवच पाहून त्यांतलं एक निवडणं हे धाडसच.

म्हणून माझ्या बाटलीवरच्या चिठ्ठीत एवढंच आहे: फेरिसिया, जाती अनिश्चित, शिंगाड्याचं पान, खालची बाजू. दिवाळीनंतर शिंगाडे निघतील तेव्हा तुम्हीही एखादं पान उलटून बघा. सापडलाच तर तारीख, तळं आणि वनस्पती लिहून ठेवा आणि जवळच्या कॉलेजात दाखवा. पडदीवाला मिळाला तर तो मुळीच फेकू नका.