फुसका बॉम्ब

दिवाळीत आमच्या अंगणात फटाक्यांच्या आधी पाण्यानं भरलेली घागर यायची, मग वाळूची पाटी. परड्यात कडब्याची गंज, शेजारी गोठा; म्हणून अण्णा बाण उडवूच द्यायचे नाहीत. ‘‘बाण कुठं जाईल ते त्याला सुदीक ठावं नसतंय,’’ म्हणायचे. नायलॉनचा नवाकोरा सदरा काढून जुना सुती घालायचा. लांब काठीला उदबत्ती बांधायची, तोंड बाजूला करून भुईनळा पेटवायचा आणि मागं पळायचं. सगळ्या आळीत आमचीच दिवाळी मिळमिळीत, असं मला वाटे.

एकदा सुतळी बॉम्ब फुसका निघाला. मी बघायला वाकणार, तोच अण्णांनी मानगूट धरून मागं खेचलं. बराच वेळ कुणाला हलू दिलं नाही. मग स्वतः जाऊन त्यावर घागर रिकामी केली.

त्यांच्या डाव्या हाताची दोन बोटं आखडलेली होती. का, ते त्या रात्री कळलं. ‘‘असाच फुसका म्हून उचलला व्हता. घरच्यांनी वर शाई वतली. गार पाणी वतायचं कुणाला सुचलंच नाय.’’

आता घागरीची बादली झालीय. नातवंडं मला भित्रा म्हणतात. म्हणू देत. बादली भरल्याशिवाय काडेपेटी माझ्या खिशातून निघत नाही.