खडपातला दगड

रत्नागिरी,
मार्गशीर्ष शुद्ध पंचमी

ती. ताईस,


तुझं पत्र मिळालं. नातवाच्या शाळेच्या प्रकल्पासाठी खडपातले शिंपले, दोन-चार कवड्या आणि जमलं तर पोवळ्याचा एखादा तुकडा पाठव म्हणालीस. ताई, पाठवत नाही. रागावू नकोस, का ते लिहितो.

कार्तिक अमावास्येला संध्याकाळी किल्ल्याखाली, भगवती बंदराच्या अंगाला जाऊन आलो. आजोबांचा हिशेब अजून चुकत नाही. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. पंधराची पाऊणपट सव्वाअकरा, ही भरती; त्यानंतर पाच-साडेपाचला पुरती सुकती. उधाणाच्या दिवसांत आपल्याकडे पाणी अडीच मीटरच्या आसपास चढतं-उतरतं. एरवी सदा पाण्याखाली असलेली खडपं तेव्हा थोडा वेळ डोकं वर काढतात.

लहानपणी आपण मांडवीचा काळा समुद्र आणि मिऱ्याकडचा पांढरा समुद्र वाळूवरून ओळखायचो. खडपांचंही तसंच आहे, हे मला फार उशिरा कळलं. दीपगृहाखाली पश्चिमेला पावसाळाभर लाटा थेट आपटतात. तिथे टिकतात ते घट्ट धरून बसणारे: शिनाणे, कालवं, टोपीसारख्या कवचाच्या गोगलगाई, आणि चुन्याचे खडे दगडातून उगवावेत तसे दिसणारे बार्नेकल. किल्ल्याच्या आडोशाला नैर्ऋत्येचा मार कमी. तिथे मऊ अंगाच्या जिवांनाही घर करता येतं.

पाटाएवढा एक जांभ्याचा दगड एका बाजूने जरासा उचलून पाहिला. वरच्या अंगाला गाळाचा थर आणि थोडं हिरवं शेवाळ, बघण्यासारखं काही नाही. खालचं अंग बघून मात्र मी तिथेच उकिडवा बसलो. हळदीचा हात पुसावा तसा पिवळा स्पंज, त्याला लागून नारिंगी स्पंज. खडूने गिरगटल्यासारख्या पांढऱ्या नळ्या, प्रत्येकीत एक किडा. जांभ्याच्या भोकांत नखाएवढ्या कुर्ल्या. दोऱ्यासारख्या पाच हातांचा एक तारामासा उजेड दिसताच सरपटत फटीत शिरला. आणि एक कवडी! आपण सारीपाटावर टाकायचो ती नुसतं रिकामं घर गं. जिवंतपणी ती स्वतःचं मऊ कातडं दोन्ही बाजूंनी कवचावर ओढून घेते, शालीसारखं. कवडीची चकाकी त्या पांघरुणाची.

तिच्या शेजारी जेलीच्या पिशवीसारखा एक जीव चिकटलेला होता, हात लागला की पाण्याची चिळकांडी उडवणारा. पिलू असताना त्याला शेपटी असते आणि शेपटीत कण्याची पूर्वखूण म्हणावी अशी लवचीक काठी. दगडाला चिकटला की दोन्ही जातात. त्या नात्याने तो कालवापेक्षा तुला-मला जवळचा.

दगडाखाली उजेड नाही, त्यामुळे शेवाळ वाढत नाही आणि जागा प्राण्यांना मिळते. त्यातल्या चिकटून बसणाऱ्यांना शिकारीला जावं लागत नाही. मंद प्रवाह जे आणील ते गाळून खायचं. स्पंज तर दिवसभरात आपल्या आकारमानाच्या हजारो पट पाणी अंगातून काढतो. खाडीच्या तोंडाशी असं पाणी गाळणारे किती दगड असतील याचा विचार कर.

पण हा आडोसाच त्यांच्या जिवावरही उठतो. उघड्या खडपावरची घाण लाट धुऊन नेते. इथे जे येतं ते बसून राहतं. डोंगर कापला की पहिल्या पावसात तांबडी माती येते, होड्यांचं तेल येतं, फाटक्या जाळ्यांचे तुकडे येतात. गाळणाऱ्या जिवाची चाळणच बुजली तर तो उपाशी मरतो. त्यात आपल्यासारखे हौशी लोक दगड उलटा करून पाहतात आणि तसाच टाकून जातात. खालचे जीव उन्हाला येतात, वरचे दाबले जातात. लहानपणी मी असे शेकडो दगड उलटे टाकले असतील. आज ते आठवलं की वाईट वाटतं.

पोवळ्याचं तर तू मागूच नकोस. 1979 मध्ये गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या कासिम आणि वफर या शास्त्रज्ञांनी रत्नागिरी, मालवण आणि रेडीच्या किनाऱ्यांवर जिवंत प्रवाळ असल्याची नोंद केली. अंदमानच्या चित्रांतल्यासारखं ते रंगीत नाही. मळकट, तपकिरी, दगडाला बसलेलं कवच वाटावं असं. आपल्या गढूळ पाण्यात आणि पावसाळ्यातल्या गोड्या पाण्याच्या लोंढ्यात ते तग धरतं, हेच मला मोठं वाटतं. 2001 पासून दगडी प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, वाघाच्या पंगतीला. तुकडा तोडणं गुन्हा आहे, पण कायदा नसता तरी मी तोडला नसता.

कालवं काढणाऱ्या बायकांचं पोट याच खडपांवर आहे, त्यांना मी काही म्हणत नाही. त्या कालव फोडून मांस घेतात आणि खालचं कवच दगडावरच राहतं. त्यावर पुढची पिलं बसतात.

तेव्हा नातवाला घेऊन तूच ये. पौषातल्या अमावास्येला चारपर्यंत पोच, पाच-साडेपाचला सुकती आहे. शेवाळावर घसरायला होतं, रबरी तळाच्या चपला आणा. पिशवी, बरणी काही नको, वही आणि पेन्सिल पुरे. दगड मी उचलून धरीन, तो चित्र काढील, आणि होता तसा, त्याच अंगावर, तो दगड त्याच्याच हाताने परत ठेवायचा.

तुझा धाकटा भाऊ