फाटकाबाहेरची घरपट्टी

सरकारी नोकराचे बिऱ्हाड विंचवाप्रमाणे पाठीवर असते. पस्तीस वर्षांच्या नोकरीत आम्ही नऊ गावच्या सरकारी निवासांत राहिलो. परंतु घरपट्टी नावाच्या वस्तूशी आमचा परिचय झाला तो निवृत्तीनंतर, दिल्लीच्या सीमेलगत हरियाणात स्वतःचे घर घेतल्यावर.

या प्रांती १९७५ च्या कायद्यान्वये खाजगी विकासकांना वसाहती वसविण्याचे परवाने मिळू लागले. गुरुग्रामला महानगरपालिका आली ती २००८ साली. वसाहती त्याच्या कितीतरी आधी नांदू लागल्या होत्या. आमची वसाहतही त्याच वळणाची. आतले रस्ते, दिवे, पाणी, सांडपाण्याचे शुद्धीकरण, झाडलोट, पहारा हे सारे आमचे आम्ही पाहतो आणि त्याचा देखभाल खर्च दरमहा भरतो. शिवाय वर्षातून एकदा घरपट्टीची मागणी येते. फाटकाबाहेरच्या घराला जो दर, तोच आम्हांला.

गेल्या पावसाळ्यात रहिवाशांची सभा भरली. एक पंजाबी गृहस्थ उठून म्हणाले, “पानी अपना, बत्ती अपनी, चौकीदार अपना, फिर टैक्स किस बात का?” टाळ्यांचा कडकडाट झाला. घरपट्टी पूर्ण माफ करावी असा अर्ज करण्याचे ठरले, आणि मसुद्याचे काम निवृत्त अधिकारी म्हणून आमच्या गळ्यात पडले. मसुदे लिहिण्यात ज्याचे आयुष्य गेले, त्याला असा मान नाकारवत नाही!

लिहावयास बसलो, तो पहिल्याच परिच्छेदात लेखणी अडली. कर आणि शुल्क यांतील भेद सर्वोच्च न्यायालयाने उडुपीच्या शिरूर मठाच्या खटल्यात १९५४ सालीच स्पष्ट केला आहे. शुल्काच्या मोबदल्यात विशिष्ट सेवा अपेक्षित असते. करदात्याला तसा मोबदला मागता येत नाही. तेव्हा ‘सेवा नाही, म्हणून कर नाही’ हे वाक्य सभेत शोभले तरी अर्जात टिकणारे नव्हते.

मग नोकरीच्या अखेरीस टेबलावर आलेली एक फाईल आठवली. संविधानाच्या २८५ व्या अनुच्छेदामुळे केंद्र सरकारच्या मालमत्तेला स्थानिक कर लागत नाही. सेवाशुल्क मात्र द्यावे लागते. राजकोट महापालिकेच्या प्रकरणानंतर डिसेंबर २००९ मध्ये केंद्राने त्याचे प्रमाण ठरवून दिले. खाजगी मालकाला जो मालमत्ता कर पडेल त्याच्या ७५ टक्के, सर्व सेवा घेतल्यास. ५० टक्के, काही सेवा घेतल्यास. आणि एकही सेवा घेतली नाही तरी ३३⅓ टक्के. या शेवटच्या आकड्यावर आम्ही तेव्हा टिपणी लिहिली होती, ‘सेवा नाही, तर तिसरा हिस्सा कशापोटी?’ वरिष्ठांनी समासात एवढेच लिहिले, ‘आपली माणसे फाटकाबाहेर कोणाच्या रस्त्यावरून चालतात?’

त्या शेऱ्याचा अर्थ आता खिडकीतून दिसत होता. फाटकाबाहेरचा रस्ता तुंबला होता, आणि आमच्याकडे धुणेभांडी करणाऱ्या बाई चपला हातात घेऊन गुडघाभर पाण्यातून येत होत्या. त्यांच्या वस्तीत ना गटार, ना दिवा. आमच्या आवारातले पाणीही त्याच रस्त्यावर वाहत होते. आमचा रोजचा कचरा फाटक ओलांडल्यावर कोणाच्या दाराशी जातो, हेही आम्ही कधी विचारले नव्हते.

आम्ही मसुदा बदलला. पूर्ण माफी नको; सरकार स्वतःच्या मालमत्तेला जी पायरी लावते तीच आम्हांला लावावी, एवढीच मागणी केली. सेवा न देता पूर्ण कर घेणे हा अन्याय खराच. परंतु शहराच्या कुशीत राहून शहराचे काहीच देणे लागत नाही असे म्हणणे, हाही अन्यायच.

दुसऱ्या सभेत मसुदा वाचून दाखविला. या वेळी टाळ्या नव्हत्या. तेच गृहस्थ हळूच म्हणाले, “साहब, आप किस तरफ हैं?” नोकरीत हा प्रश्न आम्हांला दोन्ही बाजूंनी पुष्कळदा विचारला गेला, परंतु शेजाऱ्याच्या तोंडून तो प्रथमच ऐकला, आणि थोडा लागलाही.

वसाहतीत एकशेवीस घरे आहेत. अर्जावर एकेचाळीस सह्या झाल्या, पहिली आमची. उत्तर अद्याप आलेले नाही. यंदाची घरपट्टी आम्ही पूर्ण भरली आणि पावती जुन्या सवयीने फाईलीत लावून ठेवली आहे.