माहेरची बाजरी

नारायण पेठेत मोदी गणपतीच्या मागच्या बाजूला एका जुन्या वाड्यात माझी थोरली बहीण राहते. आम्ही तिला आक्का म्हणतो. दाजी पेठेतल्याच एका छापखान्यात खिळे जुळवायचे. आता घरीच असतात. आक्का लग्न होऊन गेली तेव्हापासून नवी बाजरी निघाली की तिचा वाटा पोचवायचा, हा आमच्या घरचा रिवाज. आधी वडील न्यायचे, आता मी नेतो. पुरंदरातनं एस.टी.नं स्वारगेट, तिथनं पुढं रिक्षा.

२०२२ ची दिवाळी जवळ आली होती. बाचकं खांद्यावर घेऊन जिन्याशी आलो, तर एक पोरगी पायरीवर उभी. गळ्यात ओळखपत्र, हातात टॅब. समोरच्या बिऱ्हाडाचं दार नुकतंच लागलं होतं. दारावर ‘विक्रेत्यांनी बेल वाजवू नये’ अशी पाटी. ती विक्रेती नव्हती, पण तेवढं ऐकायला आतला माणूस थांबलाच नव्हता.

“कुणाकडं आलीस बाई?” मी विचारलं. तिनं आक्काचंच नाव सांगितलं. सरकारची पाहणी होती, घरखर्चाची. कोण काय खातं, काय नेसतं, कशावर किती पैसे जातात, ते लिहून घ्यायचं.

मी बाचकं खाली ठेवलं. मला आमच्या ओट्यावरचा जुना दिवस आठवला.

२०११-१२ साली हीच पाहणी आमच्या गावात आली होती. तेव्हा टॅब नव्हते, कागदाचा जाडजूड गठ्ठा होता. आमचं घर त्यात निघालं. मला वाटलं, हे रेशनकार्डाचं असणार. जास्त सांगितलं तर नाव कटायचं. म्हणून मी हात आखडून सांगत गेलो. तेल कमी, साखर कमी. मग त्या माणसानं विचारलं, “वर्षभरात दवाखान्याचा खर्च?” मी म्हणालो, “काही नाही.”

त्याच वर्षी आमची आई तीन आठवडे दवाखान्यात होती. त्यापायी बैलजोडी विकली होती आणि वर उसनवारी केली होती. पडवीत भावकीतली चार माणसं बसलेली, त्यांच्यासमोर कर्ज बोलायची लाज वाटली. आई आत अंथरुणावर पडून सगळं ऐकत होती. माणूस गेल्यावर ती एवढंच म्हणाली, “मग मी आजारी नव्हतेच म्हण की.” पुढं सहा महिन्यांनी ती गेली. सरकारच्या कागदावर तिचं दुखणं कुठंच नाही. ते मीच खोडलं.

त्या कागदांचं काय होतं, हे मला फार उशिरा कळलं. त्या वर्षाच्या पाहणीवरनंच देशातल्या महागाईचा तराजू तयार झाला. शंभरातला किती भाग धान्य-भाजीचा, किती कपड्याचा, किती औषधाचा, ते वजन लोकांनी दिलेल्या उत्तरांवरनं ठरलं. खाण्यापिण्याला सुमारे ४६ भाग मिळाले. पुढं कितीतरी वर्षं महागाई त्याच वजनावर मोजली, आणि रिझर्व्ह बँक व्याजाचे दर ठरवताना त्याच आकड्याकडं बघत आली. माझ्यासारख्यांनी दवाखाना लपवला, की त्या तराजूत दवाखाना हलका भरतो. मग औषधं कितीही महागली तरी काटा हलायचा तेवढा हलत नाही.

म्हणून त्या पोरीला म्हणालो, “चल वर. माझी बहीण आहे.”

दाजी देवळात गेले होते. आक्का आधी कुरकुरली. “कशाला रे नाना? घरातलं बाहेर कशाला सांगायचं? उद्या कर लावतील.”

पोरीनं शांतपणानं समजावलं. ही माहिती कर लावायला वापरत नाहीत. कायद्यानंच ती फक्त आकडेवारीसाठी ठेवायची असते, आणि छापताना कुणाचं नाव येत नाही. घरं चिठ्ठी काढल्यासारखी निघतात, एका भागातली अठराच. त्यातलं एक आक्काचं. तीन महिन्यांत तीनदा यायचं. एकदा खाण्याचं, एकदा औषधपाणी, वीज, प्रवास असलं, आणि एकदा कपडे-भांडी-वस्तूंचं.

त्या दिवशी खाण्याची पाळी होती. धान्य, डाळी महिन्याच्या हिशेबानं आणि भाजी, फळं, अंडी गेल्या सात दिवसांची. मी खिडकीत बसून ऐकत होतो.

“दूध?”

“पाव लिटर. रोज.”

“फळं?”

आक्कानं माझ्याकडं बघितलं. “नाही.”

“भाजी?”

“मंडईत संध्याकाळी उशिरा जाते मी. त्या वक्ताला स्वस्त मिळते. तीनदा आणली.”

मला कसंतरी झालं. आम्ही गावाकडं म्हणायचो, आक्का पुण्यात सुखात आहे. तिच्याकडं गेलो की चहा दुधाचा घट्ट असायचा. त्या चहापायी तिचं किती दिवसांचं दूध जायचं, ते मला तिथं कळलं.

मग बाजरीवर गाडी आली. पोरीनं विचारलं, “विकत घेता?” आक्का म्हणाली, “माहेरची आहे.” टॅबवर ‘माहेर’ नव्हतं. ‘भेट’ होतं. पोरीनं ते दाबलं आणि बाजारात काय भाव आहे ते विचारून किंमत भरली. घरी पिकलेलं किंवा कुणी दिलेलं, तेही खर्चात धरतात, फुकट म्हणून सोडत नाहीत. इतक्या वर्षांत त्या बाजरीला कुणी किंमत लावली ती तेव्हाच.

महिनाभरानं आक्काचा फोन आला. पोरगी दुसऱ्यांदा येऊन गेली होती. “नाना, दाजींच्या गोळ्यांची आज बेरीज झाली. किराण्यापेक्षा जास्त निघाली. मी कधी एकत्र मांडलंच नव्हतं बघ.” मी विचारलं, “खरं सांगितलंस ना?” ती म्हणाली, “तू जिन्यात जे सांगितलंस, त्यानंतर खोटं बोलवलं नाही.” त्या वर्षापासनं बाजरीबरोबर मी थोडे पैसेही ठेवतो. ती भांडते आणि ठेवून घेते.

त्या पाहणीत देशभरातली २,६१,७४६ घरं होती. निकाल आला तेव्हा खेड्यात माणशी महिन्याचा खर्च ३,७७३ रुपये आणि शहरात ६,४५९ रुपये निघाला. वाचताना वाटलं, या शहराच्या आकड्यात माझ्या आक्काचं पाव लिटर दूध आहे.

तसं आपल्या पुण्याला हे काम नवं नाही. शेतकी कॉलेजचे प्रिन्सिपॉल हॅरॉल्ड मान यांनी पिंपळे सौदागरच्या घराघराची मिळकत, खर्च आणि कर्ज विचारून १९१७ साली पुस्तक काढलं. धनंजयराव गाडगीळांनी गोखले संस्थेतनं पुणे शहराची घरोघर पाहणी केली. दांडेकर आणि रथ यांनी १९७१ मध्ये देशातल्या दारिद्र्याचा हिशेब मांडला, तो अशाच खर्चाच्या पाहण्यांवर. ही माणसं विद्वान खरी, पण त्यांच्यापुढं कुणीतरी आपल्या चुलीचं खरं बोललं, म्हणून ते हिशेब झाले.

मी दहावी शिकलेला माणूस, मला जास्त कळत नाही. पण पाहणीचं माणूस आलं तर आधी ओळखपत्र बघा, खात्री करा, आणि मग बसायला सतरंजी द्या. बँकेचा खातेनंबर, ओटीपी कुणी मागितला तर ती पाहणी नव्हे, त्याला वाटेला लावा. चार माणसांत बोलायला अवघड वाटत असेल, तर त्यांना उठवा किंवा दुसऱ्या दिवसाची वेळ द्या. मी तेवढं केलं असतं, तर आईचं दुखणं कागदावर राहिलं असतं.